ड्रोनवर बॅटरीचं व्होल्टेज चुकीचं दिसतंय? आधी मीटर, मग तार, मग आकडे

मागच्या हिवाळ्यात मी पाच इंची पंख्यांच्या ड्रोनला नवा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोन चालवणारा मुख्य बोर्ड, बसवला. बॅटरीचा पॅक चार सेलचा, नुकताच चार्जरवरून काढलेला. ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल चढवला आणि पंखे फिरायच्या आतच समोर ‘लो बॅटरी’ लुकलुकायला लागलं. जमिनीवरून वीतभर उचललं तर थेट ‘लँड नाऊ’. खाली उतरवून आकडा नीट वाचला, तर १७.३ व्होल्ट. चार सेलच्या पूर्ण भरलेल्या लायपो (लिथियम पॉलिमर) पॅकचं व्होल्टेज १६.८ असतं, म्हणजे बोर्ड अर्धा व्होल्ट जास्त दाखवत होता. मग जास्त व्होल्टेज दिसत असताना बॅटरी संपल्याची ओरड का? ते पुढे येईलच.

हा उलटा प्रकार निदान लगेच लक्षात आला. खरा धोका असतो तो गुपचूप जास्त आकडा दाखवणाऱ्या ड्रोनचा. पडद्यावर सेलमागे ३.६ दिसतंय म्हणून तुम्ही निवांत आणखी एक फेरी मारता आणि प्रत्यक्षात सेल ३.२ वर गेलेला असतो. असे दहाबारा वेळा झालं की पॅक फुगतो. म्हणून या लेखात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आकडा बरोबर हवा तो उतरायच्या वेळी. पूर्ण भरलेल्या पॅकवर तो किती छान जुळतो याला त्या मानाने कमी किंमत आहे.

हे सगळं स्वतः जुळवलेल्या, बीटाफ्लाइटसारखं सॉफ्टवेअर असलेल्या ड्रोनबद्दल आहे. बंद डब्यासारख्या तयार कॅमेरा ड्रोनच्या बॅटरीत स्वतःचं सर्किट असतं, तिथे आपल्याला फारसं काही करता येत नाही.

आकडे पाठ हवेत

लायपो सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट, ठेवणीत ठेवायचा तर ३.८० ते ३.८५, आणि विश्रांतीच्या अवस्थेत ३.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. हाय व्होल्टेज प्रकारचा पॅक असेल तर भरल्यावर ४.३५. त्यामुळे चार सेल म्हणजे १६.८ आणि सहा सेल म्हणजे २५.२. बीटाफ्लाइटमध्ये मूळचं सेटिंग असं असतं: सेलमागे ३.५ ला इशारा, ३.३ ला उतरण्याचा हुकूम आणि ४.३ ही सेलची कमाल मर्यादा. यातला ४.३ हा आकडा लक्षात ठेवा. बरेच घोटाळे त्याच्याशी जोडलेले असतात.

पहिली पायरी: तुमचा मल्टीमीटर खरं बोलतो का?

ड्रोनवर संशय घेण्याआधी मोजण्याच्या साधनावर घ्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा तो पिवळा स्वस्त मल्टीमीटर आपल्या कामाला पुरेसा आहे, पण त्याच्या पोटातली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो हमखास जास्त व्होल्टेज दाखवतो. आतला तुलनेचा व्होल्टेज बॅटरीबरोबर घसरतो, म्हणून असं होतं. पडद्यावर बॅटरीचं चिन्ह दिसत असेल तर त्या मीटरच्या भरवशावर कॅलिब्रेशन (ड्रोनचा आकडा खऱ्या आकड्याशी जुळवणं) अजिबात करू नका. नवी बॅटरी घाला आणि मगच पुढे या.

खात्री करायचा साधा मार्ग असा. एकच पॅक तीन साधनांनी मोजा: मल्टीमीटर, चार्जरचा पडदा आणि सेल मोजणारा छोटा चेकर. तिन्हींपैकी दोन एकमेकांच्या ०.०५ व्होल्टच्या आत आले आणि तिसरं लांब राहिलं, तर लांबचं बाजूला ठेवा. माझ्याकडचा एक चेकर प्रत्येक सेल ०.०४ ने कमी दाखवतो. त्यावर मी मार्करने तसं लिहूनच ठेवलंय.

मोजताना दोन गोष्टी जपा. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेला असेल आणि तो तसाच बॅटरीला लावलात, तर थेट शॉर्ट होतो आणि लायपो शॉर्ट झाली की ठिणगीवर भागत नाही. दुसरं म्हणजे सहा सेलच्या पॅकला २० व्होल्टची रेंज पुरत नाही, २०० वर फिरवा.

दुसरी पायरी: एकाच जागी, एकाच वेळी मोजा

पंखे काढा. आळस करू नका, चारही काढा. व्हिडिओ ट्रान्समीटरचा अँटेना लावलेला असू द्या आणि शेजारी टेबलफॅन चालू ठेवा, कारण वाऱ्याविना तो दोनतीन मिनिटांत भाजण्याइतका तापतो.

आता पॅक जोडा, यूएसबीने ड्रोन कॉम्प्युटरला जोडा आणि बीटाफ्लाइटच्या ‘पॉवर अँड बॅटरी’ पानावरचा आकडा बघा. त्याच क्षणी मल्टीमीटरचे प्रोब ईएससीवर (मोटरांचा वेग सांभाळणारा बोर्ड), जिथे बॅटरीच्या जाड लाल-काळ्या तारांना डाग (सोल्डर) दिलेला आहे, तिथे टेकवा. बरेच जण पॅक सुटा मोजतात, मग जोडतात आणि पडद्यावरचा आकडा ताडून बघतात. जोडल्यावर व्हिडिओ ट्रान्समीटर, कॅमेरा, रिसीव्हर मिळून एखादा अँपिअर खातात आणि पॅकचं व्होल्टेज थोडं खाली येतं. तो फरक बोर्डाच्या माथी मारायचा नसतो. शॉर्टपासून वाचवणारा स्मोक स्टॉपर मध्ये लावला असेल तर तोही थोडं व्होल्टेज खातो. कॅलिब्रेशनच्या वेळी तो काढून टाका.

यूएसबी एकट्याने जोडली असताना ०, ०.३ किंवा असंच काही दिसलं तर घाबरू नका. बॅटरीची तारच नाही तर मोजणार काय!

तिसरी पायरी: दोन ठिकाणी मोजा आणि फरकाचा स्वभाव ओळखा

एकाच मोजणीवर कोणी निदान करू नये. एक मोजणी पूर्ण भरलेल्या पॅकवर करा, दुसरी सेलमागे ३.६ च्या आसपास असलेल्या पॅकवर. दोन्ही वेळी खरा आकडा आणि दिसलेला आकडा कागदावर लिहा.

दोन्ही वेळी चूक टक्क्यांत सारखी असेल, म्हणजे १६.८ ला १७.३ आणि १४.४ ला १४.८३, तर फक्त प्रमाण बिघडलंय. ते सेटिंगने सुटतं. याचं कारण बोर्डावरच्या दोन रेझिस्टरांत असतं. फ्लाइट कंट्रोलरची चिप ३.३ व्होल्टच्या वर मोजू शकत नाही, म्हणून बहुतेक बोर्डांवर १० किलोओहम आणि १ किलोओहमची जोडी बॅटरीचं व्होल्टेज अकरा पटींनी कमी करून चिपला देते. १६.८ चे १.५३ व्होल्ट होतात. चिप त्याचे ४०९५ पैकी साधारण १८९५ भाग मोजते आणि सॉफ्टवेअर पुन्हा अकराने गुणून १६.८ दाखवतं. रेझिस्टर एकदोन टक्के इकडेतिकडे असले किंवा ३.३ व्होल्टचा पुरवठा नेमका नसला की सगळे आकडे त्याच प्रमाणात सरकतात.

चूक व्होल्टमध्ये सारखी असेल, उदाहरणार्थ दोन्हीकडे ०.४ कमी, तर व्होल्टेज वाटेत कुठेतरी खाल्लं जातंय. काही जुन्या बोर्डांवर उलट जोडणीपासून वाचवायला डायोड असतो, तो असंच करतो. ही चूक प्रमाण बदलून सगळीकडे शून्य होत नाही. पण इथेच माझा आग्रह कामाला येतो: कॅलिब्रेशन १४.४ ला करा. खरं १४.४ असताना १४.० दिसत असेल तर सेटिंगमधला प्रमाणाचा आकडा ११० वरून ११३ करा (हिशेब पुढे येतोय). मग १४.४ ला १४.३८ दिसेल आणि भरलेल्या पॅकला १६.८५. उतरायच्या वेळी आकडा खरा असेल, चढायच्या वेळी थोडा जास्त. चालेल.

आणि आकडा स्थिरच नसेल, कधी १५.९ कधी १६.६, किंवा तार हलवली की उडी मारत असेल, तर सेटिंगला हातही लावू नका. हे काम डागाचं आणि तारेचं आहे.

तार आणि डाग

फोर-इन-वन ईएससी (चारही मोटरांसाठी एकच बोर्ड) आणि फ्लाइट कंट्रोलर यांच्यामध्ये जी सातआठ बारीक तारांची केबल असते, तिच्यातच बॅटरीचं व्होल्टेज आणि ग्राउंड येतात. ते प्लग इतके नाजूक असतात की एका आदळआपटीत एखादी पिन अर्धी बाहेर येते, पण वरून काहीच दिसत नाही. भिंग घ्या, प्रत्येक तार चिमट्याने हलकेच ओढून बघा. माझ्याकडे एकदा ग्राउंडची तार प्लगच्या आत सुटली होती. ड्रोन चालू व्हायचा, मोटरही फिरायच्या, पण थ्रॉटल (मोटरांना दिलेला जोर) बदलला की व्होल्टेज वरखाली नाचायचं. ग्राउंडला दुसऱ्या तारांतून आडवाट मिळत होती, आणि ती आडवाट मोजणी बिघडवत होती.

केबल बदलायची वेळ आली तर दोन्ही बाजूंच्या नकाशांवर तारांचा क्रम तपासा. वेगवेगळ्या बनावटीच्या बोर्डांवर तो वेगळा असतो. बॅटरीची तार चुकून सिग्नलच्या पिनवर गेली तर बोर्ड क्षणात जळतो. मल्टीमीटरच्या बीप मोडवर तार अन् तार तपासा, दहा मिनिटं जातात.

डाग बघताना तो चकचकीत आणि तारेच्या अंगाला वितळून चिकटलेला हवा. धुरकट, दाणेदार, गोळीसारखा वर बसलेला डाग थंड राहिलेला असतो. त्याला फ्लक्स लावून पुन्हा तापवा.

आकडा फक्त मोटर फिरताना थरथरत असेल, तर बॅटरीच्या तारांवर कपॅसिटर आहे का ते बघा. चार सेलला ३५ व्होल्टचा, सहा सेलला ५० व्होल्टचा, ४७० ते १००० मायक्रोफॅराडचा, कमी अंतर्गत रोधाचा कपॅसिटर ईएससीच्या डागांच्या शक्य तितका जवळ लावा. पट्टी असलेला पाय ऋण. उलटा लागला तर तो फुटतो.

सेटिंग आणि हिशेब

वायरिंग ठीक आहे, चूक प्रमाणाची आहे, एवढं ठरल्यावरच इकडे या. आधी व्होल्टेजचा स्रोत बघा. बीटाफ्लाइटमध्ये तो बोर्डावरचा मापक असू शकतो किंवा ईएससीची टेलिमेट्री, म्हणजे ईएससीने स्वतः मोजून पाठवलेले आकडे. ईएससी निवडलंय आणि टेलिमेट्रीची तारच जोडलेली नाही, तर आकडा येणार नाही. ईएससीकडून येणाऱ्या आकड्यावर खालचं प्रमाण लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रमाणाचा आकडा मूळचा ११० असतो. नवा काढायचा हिशेब शाळेतला आहे: जुना आकडा गुणिले खरं व्होल्टेज भागिले दिसलेलं व्होल्टेज. माझ्या बाबतीत ११० गुणिले १६.८ भागिले १७.३, उत्तर १०६.८. पूर्णांक लागतो, म्हणून १०७. सेव्ह केलं, पॅक काढून पुन्हा जोडला, तर १६.८३. कॅलिब्रेटचं बटण मोजलेला आकडा विचारून हाच हिशेब करून देतं, पण एकदा हाताने करून बघा, म्हणजे काय चाललंय ते कळतं.

एक पायरी म्हणजे साधारण ०.९ टक्के, सहा सेलवर सुमारे ०.२३ व्होल्ट. सेलमागे हे ०.०४ सुद्धा होत नाही, त्यामुळे मी इथेच थांबतो. कोणाला आणखी बारकाई हवीच असेल तर प्रमाण दुप्पट करा आणि त्याच्या शेजारचा गुणक १ चा २ करा. १०७ ऐवजी २१४ आणि २. आता २१३ केलं तर अर्धी पायरी मिळते. २५५ च्या वर मात्र जाता येत नाही.

आयनॅव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाच आकडा ११०० असा असतो. आर्डूपायलट या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा गुणक बदलायचा असतो आणि त्याच्या मिशन प्लॅनर या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये मोजलेलं व्होल्टेज टाकलं की तो आपोआप निघतो. हिशेब तोच.

‘कालपर्यंत बरोबर होतं’ असं कोणी म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो: फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलं सॉफ्टवेअर, बदललं का? नवं फर्मवेअर चढवताना सगळी सेटिंग पुसली तर प्रमाण मूळपदावर जातं. दुसऱ्याच्या ड्रोनची सेटिंग जशीच्या तशी चिकटवली तर त्याच्या बोर्डाचं प्रमाण तुमच्या बोर्डावर येतं.

सेल मोजण्यातली गफलत

आता त्या पहिल्या कोड्याचं उत्तर. पॅक जोडल्याक्षणी बीटाफ्लाइट एकूण व्होल्टेजला ४.३ ने भागतं, अपूर्णांक सोडतं आणि एक मिळवतं. १६.८ ला भागलं की ३.९, म्हणून तीन अधिक एक, चार सेल. माझ्या १७.३ ला भागलं की ४.०२, म्हणून पाच सेल! १७.३ पाचांत वाटले की सेलमागे ३.४६, इशाऱ्याच्या खाली. थ्रॉटल दिल्यावर ३.३ च्याही खाली. अर्ध्या व्होल्टच्या चुकीने ताजा पॅक मेलेला ठरवला होता.

हाय व्होल्टेज पॅक वापरणाऱ्यांना हेच बोर्ड बरोबर असतानाही भोगावं लागतं. चार सेल गुणिले ४.३५ म्हणजे १७.४, आणि तेही ४.३ च्या हिशेबात पाच सेल. कमाल मर्यादा ४.४ करा, सुटतं.

सहा सेलवाल्यांनी मात्र पुढचं नीट वाचावं. पाच गुणिले ४.३ म्हणजे २१.५. अर्धवट वापरलेला सहा सेलचा पॅक २१.५ च्या खाली, सेलमागे ३.५८ च्या खाली असताना जोडला, तर सॉफ्टवेअर त्याला पाच सेलचा भरलेला पॅक समजतं. पडद्यावर सेलमागे ४.२ च्या वर दिसतं. तुम्ही उडता, आणि इशारा येतो तो १७.५ व्होल्टला, जेव्हा प्रत्येक सेल प्रत्यक्षात २.९ वर पोचलेला असतो. तो पॅक पुढे कामाचा राहत नाही. एकच प्रकारचे पॅक वापरत असाल तर सेलची संख्या कमांडने पक्की करून टाका. आत्ता किती सेल धरलेत ते ‘स्टेटस’ कमांड सांगते, किंवा पडद्यावरच्या एकूण आकड्याला सेलच्या सरासरीने भागा.

गॉगल एक सांगतो, रिमोट दुसरंच

कोणता आकडा कशाचा आहे ते आधी ठरवा. गॉगलच्या कोपऱ्यात गॉगलच्या स्वतःच्या बॅटरीचं व्होल्टेजही असतं, नवखे हमखास तेच वाचतात. पडद्यावर एकूण आणि सेलची सरासरी असे दोन वेगळे आकडे ठेवता येतात. मी दोन्ही ठेवतो.

रिमोटवर ‘आरएक्सबॅट’ नावाचा सेन्सर दिसतो. एक्सप्रेसएलआरएस किंवा क्रॉसफायर या रेडिओ प्रणालींमध्ये ते फ्लाइट कंट्रोलरकडून आलेलं बॅटरीचं व्होल्टेज असतं. फ्रस्कायच्या स्मार्टपोर्ट रिसीव्हरवर मात्र त्याच नावाखाली रिसीव्हरला मिळणारे ५ व्होल्ट दिसतात, तिथे बॅटरीसाठी ‘व्हीफास’ बघायचा. पडद्यावर बरोबर आणि रिमोटवर चूक असेल, तर रिमोटमधल्या सेन्सरचा रेशो आणि ऑफसेट कोणी बदललाय का ते तपासा. बोर्डाचं प्रमाण त्यासाठी हलवू नका.

उडताना पडणारा आकडा चुकीचा नसतो

टेबलवर सगळं जुळलं, तरी हवेत थ्रॉटल दिल्यावर १६ चं १४.७ होतं आणि लोक पुन्हा कॅलिब्रेशन करत बसतात. हे खरोखरच घडत असतं. सेलचा अंतर्गत रोध ४ मिलिओहम धरा, चार सेलचे १६. ८० अँपिअर ओढले की १.२८ व्होल्ट आतच खर्च. जुन्या पॅकमध्ये सेलमागे १२ मिलिओहम झाले असतील तर तेवढ्याच ओढीला ३.८ व्होल्ट पडतात, म्हणजे १६ चे १२.२. रोध मोजणारा चार्जर असेल तर प्रत्येक पॅकचा आकडा महिन्यातून एकदा लिहून ठेवा. थंडीत हा रोध वाढतो. जानेवारीत सकाळी सहाला पुण्या-नाशिकच्या मैदानावर तोच पॅक दुपारपेक्षा दुबळा वाटतो.

पॅक ड्रोनला जोडणारा एक्सटी-६० कनेक्टरही बघा. उतरल्याबरोबर त्याला बोट लावा. तारांपेक्षा तो जास्त गरम असेल तर जोड खराब आहे. १० मिलिओहमच्या जोडावर ८० अँपिअरला ०.८ व्होल्ट पडतात आणि ६४ वॉट उष्णता होते. काळवंडलेल्या पिना घासत बसू नका, नवा कनेक्टर लावा.

ब्लॅकबॉक्स नोंद (उड्डाणाची साठवलेली माहिती) असेल तर काम सोपं. थ्रॉटलच्या रेषेखाली व्होल्टेजची रेषा आरशासारखी हलत असेल तर पॅकचा स्वभाव. थ्रॉटल स्थिर असताना ती उड्या मारत असेल तर पुन्हा डागाकडे.

शेवटची परीक्षा

पंखे लावा, कमरेइतक्या उंचीवर ड्रोन तरंगत ठेवा आणि पडद्यावर सेलमागे ३.६ आलं की उतरा. पॅक काढा, दोन मिनिटं थांबा, व्होल्टेज सेलमागे साधारण ०.१ ने परत चढेल. मग चेकरने प्रत्येक सेल वेगळा बघा. फ्लाइट कंट्रोलरला फक्त बेरीज कळते. तीन सेल ३.७ आणि चौथा ३.३ असला तरी सरासरी ३.६ येते आणि पडद्यावर सगळं ठीक दिसतं. सेलांत ०.०५ पेक्षा जास्त तफावत असेल तर तो पॅक आधी चार्जरवर बॅलन्स करून बघा. पुढच्या दोन उड्डाणांतही तोच सेल मागे पडला तर तो पॅक उडवायचा बंद.

सगळं जुळलं की प्रमाणाचा आकडा, तारीख आणि कोणत्या मीटरने मोजलं ते कागदी चिकटपट्टीवर लिहून फ्रेमच्या पोटाला लावा. माझ्या त्या ड्रोनच्या पोटावर अजून ‘१०७’ लिहिलेलं आहे, आणि त्यानंतर दोनदा फर्मवेअर बदलताना तोच आकडा उपयोगी पडला.